दापोली की तळेगाव: वाचणाऱ्या 26 लाखांचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. तुम्ही पुढच्या मे महिन्यात मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त होताय. तेव्हा तुमचं वय 60 असेल, वहिनींचं 56. 2021 मध्ये तुमची अँजिओप्लास्टी झाली आहे, वहिनींचे गुडघे दुखतात. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर तुमचा टू बीएचके आहे, इमारतीला लिफ्ट नाही. त्याचे 78 लाख येतील असं एजंट म्हणतो. मुलगा टोरांटोला, मुलगी पुण्यात वाकडला. तुमच्यासमोर दोन घरं आहेत. एक दापोलीहून हर्णैच्या वाटेवर, गावापासून 11 किलोमीटरवर, पाच गुंठ्यांतला बंगला, 42 लाख. दुसरं तळेगाव दाभाड्यात स्टेशनपासून किलोमीटरभरावर, लिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर टू बीएचके, 68 लाख. तुम्ही लिहिलंय, "26 लाख वाचत असताना आणि अंगण, झाडं, समुद्र मिळत असताना तळेगावच्या खुराड्यात पैसे घालायचे कशाला?" आणि वहिनींचं मत एका ओळीत आहे: "तुम्हाला योग्य वाटेल ते."

ठाण्यात मी 24 वर्षं निवृत्ती नियोजनाचं काम करते. पैसे कुठे गुंतवायचे हे विचारायला लोक येतात आणि तासाभरात विषय घरावर येतो, कारण आपल्याकडे नोकरदार माणसाची सगळ्यात मोठी पुंजी घरातच अडकलेली असते. या वर्षांत मी चूक ठरलेले बरेच निर्णय पाहिलेत. त्यातले बहुतेक एकाच जागी चुकले. घर निवडताना नवरा-बायकोने साठीतल्या, हिंडत्या-फिरत्या दोघांसाठी निवडलं. त्या घरात शेवटची दहा-बारा वर्षं राहिली ती एकटी बायको.

हे बोलायला जड जातं. तुमच्यासमोर बसून सांगतानाही मला जडच गेलं असतं. पण बहुतेक जोडप्यांत बायको वयाने लहान असते आणि सरासरीने बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. या दोन गोष्टी एकत्र केल्या की उत्तर समोर येतं. घराची किंमत तुम्ही आज एकदा मोजणार. त्या घराची खरी परीक्षा वहिनी पंचाहत्तरीत एकट्या असताना होणार. म्हणून मी घराचं मोल एका प्रश्नावर ठरवते: या घरात पंचाहत्तरीची एकटी बाई, गाडी न चालवता, कुणाला रोज फोन न करता, किती वर्षं राहू शकेल?

एक घर सांगते. गुहागर तालुक्यात एका वाडीपासून जरा बाजूला बांधलेला बंगला. ठाण्याच्या एका जोडप्याने 2015 मध्ये 31 लाखांना घेतला. तेव्हा ते 62 वर्षांचे होते, त्या 58 च्या. चार वर्षं फार सुखाची गेली. त्यांनी मिरी लावली, आंब्याची कलमं लावली, दर मे महिन्यात नातवंडं यायची. पाचव्या वर्षी ते गेले. बाई तिथेच राहिल्या, कारण ठाण्याचा फ्लॅट विकलेला होता. त्यानंतरच्या जुलैमध्ये त्यांच्या गुंतवणुकीचे कागद बदलायला मी स्वतः गेले. दोन दिवस वीज नव्हती. मोटर बंद, म्हणून वरच्या टाकीत पाणी नाही. इन्व्हर्टर आदल्या रात्रीच संपलेला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर एक मातीचं गाडगं, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. मला वाटलं पिण्याचं पाणी असेल. त्यांनी झाकण काढून दाखवलं. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत इन्सुलिनची बाटली होती. फ्रिज बंद, म्हणून औषध गाडग्यात. "डॉक्टरांनीच सांगितलं असं ठेवायला," म्हणाल्या. बोलताना शांत होत्या, पण दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून फडक्यावर पाणी शिंपडत होत्या. घरात आणि दीडशे मीटरच्या आत दुसरं माणूस नव्हतं.

त्यांनी घर विकायला काढलं. 14 महिने गिऱ्हाईक आलं नाही. शेवटी 27 लाखांना गेलं. आठ वर्षांनी, वरून केलेला सगळा खर्च बुडवून. हेही किंमत आणि मोल यातलंच अंतर आहे. गरज पडेल तेव्हा विकता येईल का, हा घराच्या मोलाचा एक मोठा भाग असतो. डोंबिवलीतला किंवा तळेगावात स्टेशनजवळचा फ्लॅट रास्त भावात तीन-चार महिन्यांत विकला जातो. वाडीबाहेरच्या बंगल्याला तुमच्यासारखाच मनाचा, तुमच्यासारखीच हातात रक्कम असलेला दुसरा माणूस सापडावा लागतो.

कोकण नको, असं मात्र मी म्हणत नाहीये. देवरुखजवळच्या एका गावात माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्या एका कुटुंबाचं उलट उदाहरण आहे. त्यांनी वडिलोपार्जित जागेवर, दोन चुलत भावांच्या घरांच्या मध्ये घर बांधलं. तिथलेही यजमान गेले. बाई आज 73 च्या आहेत. सकाळी चुलत दिराची सून देवाच्या फुलांना त्यांच्या अंगणात येते. साडेसातपर्यंत मागचं दार उघडलं नाही तर ती हाक मारते. हाकेला उत्तर नाही आलं तर काय करायचं, चावी कुठे आहे, हे तिला माहीत आहे. त्या फुलांच्या फेरीला बाजारात किंमत नाही. मी त्या घराचं मोल ठरवताना सगळ्यात आधी तीच धरते. तुम्ही पाहिलेला बंगला तुमच्या गावचा नाही. एजंटने पाडलेल्या प्लॉटांपैकी एक आहे आणि आजूबाजूची घरं, तुम्हीच लिहिलंत, "वीकएंडला उघडतात." म्हणजे सोमवार ते शुक्रवार शेजार नाही. पाऊस लागला की चार महिने नाही.

आता पैशांचा हिशेब करू, कारण 26 लाखांचा मोह खरा आहे आणि तो नुसत्या भावनेने खोडून चालणार नाही.

मी 26 लाखांवर दीर्घ पल्ल्यासाठी 7.5 टक्के व्याज धरते. वर्षाला 1,95,000, म्हणजे महिन्याला 16,250 रुपये. प्रश्न एवढाच राहतो, की दापोलीच्या घरात राहायला तळेगावपेक्षा महिन्याला 16,250 रुपये जास्त लागतात का. लागत असतील, तर स्वस्त घर स्वस्त नाही.

माझ्याकडच्या कोकणात गेलेल्या कुटुंबांच्या वह्यांवरून साधारण आकडे मांडते, तुम्ही तुमचे घाला. 11 किलोमीटरवर राहायचं म्हणजे गाडी लागणार. ती आज तुमच्याकडे नाही. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग धरून महिना 7,000. गाडीची किंमत मी यात धरलेलीच नाही. लांबच्या प्रवासाला आणि रात्री-अपरात्री ड्रायव्हर, सरासरी 2,500. आवार झाडणं, पालापाचोळा, माडांची निगा यासाठी गडी 4,000, तोही मिळाला तर. कोकणातल्या घराची दुरुस्ती हा खर्च मुंबईकराला कधीच खरा वाटत नाही. खारी हवा, तीन हजार मिलीमीटरच्या वरचा पाऊस, ग्रिलला गंज, भिंतीला ओल, मोटर जळणं, इन्व्हर्टरची बॅटरी, दर दोन-तीन वर्षांनी रंग. वर्षाला 60,000, महिना 5,000. डॉक्टर, लग्नकार्य, बँकेची कामं यासाठी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, महिना 4,500. बेरीज 23,000. तळेगावला सोसायटीचा मेंटेनन्स 3,500 आणि रिक्षा-लोकल 1,500 धरा, 5,000. फरक 18,000.

26 लाखांचं व्याज तिथेच संपलं, वर महिन्याला पावणेदोन हजार खिशातून. आणि यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. व्याज आहे तेवढंच राहतं, हे खर्च मात्र वयाबरोबर वाढतात. साठीत तुम्ही स्वतः गाडी चालवाल, सत्तरीनंतर प्रत्येक फेरीला ड्रायव्हर. साठीत झाडांना पाणी तुम्ही घालाल, नंतर गडी. महागाई 6 टक्के धरली तर असे खर्च 12 वर्षांत दुप्पट होतात.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, तिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. तुम्ही रेल्वेचे आहात. निवृत्तीनंतर तुम्हाला आणि तुमच्यानंतर वहिनींनाही रेल्वेच्या आरोग्य योजनेत उपचार मिळतात. डोंबिवलीहून कल्याणचं रेल्वे रुग्णालय लोकलने काही मिनिटांवर आहे, मोठ्या आजाराला भायखळ्याचं रेल्वे रुग्णालय आहे. तळेगावहून पुण्याचं रेल्वे रुग्णालय गाठता येतं. दापोलीत यातलं काही नाही. हर्णैच्या वाटेवरून तुम्हाला प्रत्येक वेळी दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर खासगी डॉक्टर. मोठ्या तपासण्यांना चिपळूणच्या पुढे सावर्ड्याजवळ डेरवणचं रुग्णालय, किंवा सरळ मुंबई. रेल्वे रुग्णालयापासून लांब राहणाऱ्यांना बाह्यरुग्ण सेवेऐवजी दरमहा 1,000 रुपये भत्ता घ्यायची सोय आहे. स्टेंट टाकलेल्या माणसाची महिन्याची औषधंच किती होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पस्तीस वर्षं नोकरी करून कमावलेली ही सवलत तुम्ही 42 लाखांच्या घरापायी जवळजवळ सोडून देताय आणि एजंटच्या कागदावर तिची किंमत शून्य आहे.

पुन्हा हृदयविकाराकडे येते. छातीत दुखायला लागल्यापासून बंद रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा घरापासून अँजिओप्लास्टी होणाऱ्या रुग्णालयापर्यंत, पावसात, रात्री किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. नकाशावर मोजू नका. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि द्रुतगती मार्ग हाताशी आहे, त्यामुळे पुढे पिंपरी-चिंचवड किंवा पुण्याला नेणं अवघड नाही. तरीही तिथेही मोजा.

आणि वादळं. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली आणि कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. ज्यांची तिथे माणसं होती, त्यांना माणसांनी सावरलं. बाहेरून येऊन एकटं राहणाऱ्यांचे हाल वेगळे होते.

आता वहिनींच्या हातात येणारा पैसा. तुमचं मूळ निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या 50 टक्के असेल. तुमच्यानंतर वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन 30 टक्के मिळेल. तुमच्या 67 वर्षं वयाच्या आत काही बरंवाईट झालं तर त्या मर्यादेपर्यंत दर जास्त असतो, पण मी दूरच्या काळाचं बोलतेय. म्हणजे विकलेल्या निवृत्तिवेतनाचा (एकरकमी पैशांच्या बदल्यात सोडलेल्या भागाचा) हिशेब बाजूला ठेवला तर 100 रुपयांचे 60 होतात. घराचे खर्च मात्र 60 वर येत नाहीत. बंगल्याचं छप्पर एकट्या माणसासाठीही तेवढंच गळतं. फ्लॅटमध्ये छप्पर, पंप, वॉचमन, पाण्याची टाकी हे खर्च चाळीस घरांत वाटले जातात. मेंटेनन्स द्यायला जिवावर येतं, पण म्हातारपणी तो सगळ्यात मोलाचा खर्च असतो, कारण वायरमनला कोण बोलावणार हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा तरी असतो.

कराची एक बाब, कारण ती लोक शेवटी विचारतात आणि तोवर उशीर झालेला असतो. डोंबिवलीचं घर विकून होणारा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर करमाफी मिळते. नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत घेतलेलं हवं, बांधणार असाल तर तीन वर्षांत. पण नफ्यातली जेवढी रक्कम नव्या घरात जाते, तेवढ्यावरच माफी. जुन्या घरावरचा नफा 42 लाखांपेक्षा जास्त निघाला, आणि तुमचं घर 1996 चं असल्यामुळे तो निघू शकतो, तर वरच्या भागावर कर आहे. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला 12.5 टक्के, महागाई निर्देशांक न लावता, म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून न धरता. त्या तारखेआधी घेतलेल्या घराला निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी येणारा कर कमी असेल तर तेवढाच द्यावा लागतो. सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत 50 लाखांपर्यंत रक्कम गुंतवूनही कर वाचतो, पण ती पाच वर्षं अडकते. तळेगावचं 68 लाखांचं घर हा नफा जवळजवळ पूर्ण सामावून घेऊ शकतं. म्हणजे वाचणाऱ्या 26 लाखांतला काही भाग करात किंवा कमी व्याजाच्या रोख्यांत जाईल. नफा मोजण्यासाठी घराचं 1 एप्रिल 2001 चं बाजारमूल्य काढून सनदी लेखापालाकडून नेमका आकडा आधी घ्या. आणि नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर मिळालेली माफी परत जाते. चुकलं असं वाटलं तरी तीन वर्षं अडकून पडायचं, असा त्याचा अर्थ.

म्हणूनच माझा आग्रह असा, की आत्ता काहीही विकू नका.

डोंबिवलीचं घर लिव्ह अँड लायसन्सवर द्या, 11 महिन्यांच्या करारावर, रीतसर नोंदणी करून. येणाऱ्या भाड्यात दापोलीत किंवा तळेगावात भाड्याने राहा. निवृत्ती मेमध्ये आहे, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात दापोलीला जा. गणपतीपर्यंत राहा. मे महिन्यातलं कोकण सगळ्यांना आवडतं, ते पाहून घर घेऊ नये. आषाढात कपडे चौथ्या दिवशीही ओले असतात. संध्याकाळी अंधार पडून रातकिडे सुरू होतात आणि टीव्हीची डिश पावसात चालत नाही. त्या संध्याकाळी वहिनींना काय वाटतं, ते मला हवं आहे. तुम्हाला ती शांतता फार आवडेलही. तुमची आयुष्यभराची ड्यूटी गाड्यांच्या आवाजात गेली आहे, मी समजू शकते.

त्या महिन्यांत वहिनींनी काही गोष्टी एकटीने करून पाहाव्यात, तुम्ही सोबत न जाता. औषधं आणणं, बँकेत जाऊन पासबुक भरून आणणं, गॅस संपला तर सिलिंडर मागवणं, वीज गेली तर कुणाला फोन करायचा ते शोधणं, सकाळच्या एसटीने दापोलीत जाऊन दुपारी परत येणं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 75 नंतर मोफत, पण वाटेवरच्या थांब्यापासून घरापर्यंतची पायवाट चिखलात त्यांच्या गुडघ्यांना झेपते का ते बघा. तळेगावलाही हेच सगळं करून पाहा. तिथे स्टेशन किलोमीटरभरावर आहे असं तुम्ही म्हणता. तो किलोमीटर फूटपाथचा आहे की ट्रकच्या रस्त्याचा, हे संध्याकाळी सातला चालूनच कळतं.

फ्लॅट बघताना मी मोजपट्टी घेऊन जाते. लोक हॉलची लांबी-रुंदी मोजतात, मी संडास-बाथरूमचं दार मोजते. आपल्याकडे ते बहुधा अडीच फुटांचं, कधी त्याहून अरुंद. चाकाची खुर्ची त्यातून अंग चोरून जाते किंवा जातच नाही. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दार 900 मिलीमीटरचं हवं असं म्हटलं आहे. साध्या प्रकल्पाला ती बंधनकारक नाहीत, पण ती यादी घर पाहताना फार उपयोगी आहे. दुसरं, लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवा मावतो का, वीज गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का. तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलेली माणसं मी पाहिली आहेत. ती वेळ कुणावर येऊ नये.

मदतनीस मिळण्याचं सांगायलाच हवं, कारण वृद्धापकाळात पैशांपेक्षा हाताची माणसं जास्त लागतात. कोकणातल्या वाड्यांतली तरुण पोरं मुंबई-पुण्याला आहेत. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. रात्रपाळीची आया, फिजिओथेरपिस्ट, घरी येऊन रक्त घेणारा लॅबवाला, दोन वेळचा डबा देणाऱ्या काकू हे सगळं ठाणे, डोंबिवली, पुण्यात एका फोनवर मिळतं. तळेगावात बरंचसं मिळतं. हर्णैच्या वाटेवर दाम दुप्पट दिले तरी मिळण्याची खात्री नाही.

मुलीबद्दल थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका. वाकडला मुलगी आहे म्हणून तळेगाव, हे कारण पुरेसं नाही. आयटीतली माणसं पाच वर्षांत बंगळुरूला जातात, परदेशी जातात. तुमचा मुलगा गेलाच आहे. मुलगी जवळ असणं हा वरचा लाभ धरा. ती उद्या तिथे नसली तरी तळेगाव तुम्हाला चालेल का, एवढं तपासा.

आणि तुम्ही न विचारलेला तिसरा पर्याय. तुम्ही डोंबिवलीत 1996 पासून आहात. तुमचे डॉक्टर तिथे, वहिनींचं भजनी मंडळ तिथे, वाण्याकडे उधारीची वही तिथे, बँकेतला शिपाई नावाने ओळखतो. खटकतंय काय, तर तीन जिने. त्याच गल्लीत किंवा दोन गल्ल्या पलीकडे लिफ्टच्या इमारतीत तेवढंच घर 12 ते 15 लाख जास्त देऊन मिळेल. वरची रक्कम, शहरी भागातलं सहा-सात टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी असा हा सगळा खर्च, पण कल्याणचं रेल्वे रुग्णालय, ओळखीची माणसं आणि विकायला सोपं घर हाती राहतं. घर वहिनींच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे, आणि नाव त्यांचं असावं हे मला इतर कारणांनीही योग्य वाटतं. तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार अशी चर्चा असेल तर तीही नीट चौकशी करून पाहा. मात्र त्यात दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त, भाड्याच्या घरात काढावी लागतात. सत्तरीच्या आत असाल तर ते सोसतं.

माझा कौल मागितलात तर असा आहे: आधी डोंबिवलीतलंच लिफ्टचं घर, त्यानंतर तळेगाव. आणि दापोली दरवर्षी ऑक्टोबर ते जानेवारी भाड्याने, चार महिने, हौसेने. चार महिन्यांचं भाडं 40-50 हजार होईल. समुद्र, अंगण, मासळी बाजार सगळं मिळेल, गळकं छप्पर मात्र घरमालकाचं असेल. भाड्याने राहून पाऊस काढल्यावर वहिनी स्वतःहून "इथेच राहू" म्हणाल्या, तर मी माझं मत बदलेन. मग मात्र वाडीत, चार माणसांच्या हाकेच्या अंतरावरचं घर शोधा. तो बंगला नको.

त्या बंगल्याबाबत तरीही पुढे गेलातच, तर टोकन देण्याआधी सातबारा, बिनशेतीचा आदेश, ग्रामपंचायतीचा घरपट्टी उतारा आणि आत येणाऱ्या रस्त्याचा हक्क हे चारही कागद दापोलीतल्या वकिलाकडून तपासून घ्या, एजंटने दिलेल्या वकिलाकडून नको. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि "एनए (बिनशेती) होणारच आहे" या शब्दांवर पैसे देऊन बसलेली माणसं माझ्याकडे येतात.

पुढच्या वेळी भेटायला याल तेव्हा दोघं या. वहिनींना सांगा, येण्याआधी एका कागदावर त्यांचा आजचा एक दिवस लिहून आणायचा: सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत घराबाहेर कुठे कुठे जातात, कुणाकुणाशी बोलतात, चालत किती मिनिटं लागतात. तो कागद समोर ठेवून आपण तिन्ही घरांत तोच दिवस बसवून पाहू. डोंबिवलीच्या भाडेकरूचा करार करताना एक महिन्याच्या नोटिशीचं कलम दोन्ही बाजूंना ठेवा, म्हणजे ऑगस्टमध्ये परत यावंसं वाटलं तर सप्टेंबरअखेर स्वतःच्या घरात असाल.